सामानापाशी कोण बसणार?

आमच्याकडे चार माणसं सहलीला निघाली की एक प्रश्न ठरलेला असतो. सामानापाशी कोण बसणार? देवळात जा, लेणी बघायला जा, किल्ला चढायला जा, झाडाखाली पिशव्यांचा ढीग लागतो आणि त्या ढिगापाशी एक माणूस लागतं. बाकीच्या घरांत यावरून थोडी कुरकुर होते, पाळ्या लागतात. आमच्या घरात कधी कुरकुर झाली नाही, कारण आमच्या घरात मी होते.

दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट आला आणि हातात काठी आली. मी चालते, पण अशी की मागून येणाऱ्याला सारखं वाटत राहतं, ही आता पडणार. मी पडत नाही. अठ्ठावन्न वर्षांत मी जितक्या वेळा पडले, त्याहून जास्त वेळा मला सावरायला धावलेली माणसं पडली आहेत.

शाळेची सहल पहिल्यांदा दौलताबादला गेली तेव्हा मी चौथीत होते. दरवाज्याच्या आत एका झाडाखाली सतरंजी टाकून सगळ्यांचे डबे तिच्यावर ठेवले. आमचे गुरुजी पक्के शहरातले, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. ते मला म्हणाले, "बेटा, तू इथंच बस. बंदर आले की काठी आपट. डब्यांवर ध्यान ठेव." बंदर म्हणजे तिथली काळ्या तोंडाची वानरं. ती तटावर बसून डब्यांकडे अशी बघत की आत काय आहे ते त्यांना आधीच ठाऊक असावं. मी दोन तास काठी आपटत बसले. एकही डबा गेला नाही. गुरुजींनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला ते आवडलंही, याची आता लाज वाटते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तेव्हा सातवीत होता आणि त्याच सहलीत होता. सगळ्यांच्या आधी तोच धावत खाली आला. मी विचारलं, "वर काय हाय रे?"

तो माझ्या शेजारी बसला, डब्यातला धपाटा तोडला आणि म्हणाला, "काय नाय गं. नुसते दगड हायेत."

मला बरं वाटलं. नुसत्या दगडांसाठी कोण कशाला एवढं चढेल? पुढं आम्ही घरच्यांसोबत किती ठिकाणी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी मी खाली बसले, आणि प्रत्येक वेळी दादा वरून येऊन तेच सांगायचा. वेरूळला लेण्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन आला तेव्हासुद्धा म्हणाला, नुसते दगड. वेरूळला! आणि तेही मी मानलं.

सहावीत भूगोलाच्या पुस्तकात 'नैसर्गिक बंदर' असे शब्द आले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. आमच्या शहरात बंदर म्हटलं की शेपूट असलेलंच डोळ्यांपुढं येतं. समुद्र कुणी बघितलाय? बाईंनी फळ्यावर आत वळलेला किनारा काढला, त्यात एक जहाज काढलं आणि सांगितलं, जहाज आत येऊन सुखरूप उभं राहतं ती जागा म्हणजे बंदर. वर्ग पुढच्या पानावर गेला. मी तिथंच राहिले. एका बंदराला मी काठी आपटून हाकलत होते, आणि दुसरं बंदर असं होतं की तिथं पोचायला माणसं महिना महिना पाण्यावरून येत होती. मला ते दुसरं बघायचं होतं. बसमधून नाही, विमानातून नाही. पाण्यावरून आत शिरताना ते कसं दिसतं, तेवढंच मला बघायचं होतं.

पुढं मी भूगोलाचीच शिक्षिका झाले. एकतीस वर्षं शिकवलं. दर वर्षी त्याच ओळीला पोरं हसायची, मी त्यांना पोटभर हसू द्यायचे आणि मग खडू फळ्यावरून न उचलता भूमध्य समुद्र काढून दाखवायचे. इटलीपाशी आले की सांगायचे, हा देश बुटासारखा आहे. पोरं चोरून माझ्या पायाकडे बघायची. मी म्हणायचे, "बघा, बघा. बूट असला म्हणून याला कुणी घरी बसवलेलं नाही. पार समुद्रात पाय घालून उभा आहे." आणि वर्षाच्या शेवटी त्याच पोरांना घेऊन आम्ही दौलताबादला जायचो, आणि मुख्याध्यापक अगदी अदबीनं म्हणायचे, "मॅडम, तुम्ही सामानापाशी बसा. तेवढाच आराम." मी बसायचे. फळ्यापुढं तोंड चालायचं, किल्ल्याखाली चालायचं नाही.

निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी दादा आणि वहिनींनी ग्रीसच्या सहलीत नाव घातलं. ते आणि मी गारखेड्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. वहिनी छापलेला कागद घेऊन मला दाखवायला आल्या. त्यात लिहिलं होतं: बेटावरून बोटीनं ऱ्होड्स, तटबंदीचं प्राचीन बंदर. मी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "माझंही नाव घाला."

शेजारच्या काकांना कळलं तेव्हा त्यांना ते 'रोड्स' ऐकू आलं. म्हणाले, "रोड बघायला इतक्या लांब जाता? व्हय, बरोबर हाय. आपल्याकडं कुटं दिसतो रोड?" पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीची जी दशा असते ती पाहता त्यांना दोष देता येणार नाही.

सहलवाल्याचं ऑफिस क्रांती चौकापाशी, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी जिना चढून गेले. सहलवाल्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दादाकडे बघून विचारलं, "ताई चालतात ना?"

मी म्हणाले, "दोन मजले उडत आले का मी?"

तो ओशाळला, पण हटला नाही. बोटीचे जिने लोखंडी असतात, अरुंद असतात, त्या समुद्रात वारा फार. त्यापेक्षा ताईंना आणि सोबत एकाला विमानानं थेट तिथं पाठवू, टेन्शन नका घेऊ, आपण हॉटेलात भेटू. दादानं लगेच मान डोलावली. "लई चांगलं होईल. मी येतो तुझ्यासंगं विमानानं." तो ते मनापासून म्हणत होता. माझ्यासाठी बोट सोडायलाही तो तयार होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. माझ्याशी कुणी वाईट वागलं असतं तर मी कधीच उठले असते. मला सगळ्यांनी मायेनं बसवलं.

"मला शहर नंतर दाखवा," मी म्हणाले. "मला आधी बंदर बघायचंय, बोटीवरून. बोट नाही तर मी नाही."

घरी येताना रिक्षात दादा एवढंच म्हणाला, "पायऱ्यांचं कसं करशील गं तू?"

ते मी त्याला काय सांगणार, मलाच ठाऊक नव्हतं. पुढच्या मंगळवारी सकाळी कुणालाही न सांगता रिक्षा केली आणि दौलताबादला गेले. रिक्षावाले चाचा माझ्याच वयाचे असतील. मी उतरले तसे म्हणाले, "साथ आऊँ क्या, आपा?"

"नको," मी म्हणाले. "माझी पिशवी तेवढी सांभाळा."

"हौ. मैं इधरीच बैठतौं."

आणि ते खरोखरच माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी दहा पावलं गेल्यावर मागं वळून बघितलं. सामानापाशी दुसरं कुणीतरी बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला हसू आवरेना.

मी वरपर्यंत गेले नाही, ते आधीच सांगून टाकते. वाटेतल्या मिनारापाशी बसले, पुढं चालले, पुन्हा बसले. शाळेच्या पोरांच्या रांगा मला मागं टाकून गेल्या आणि खाली परतल्यासुद्धा. मधल्या एका बुरुजाच्या पायऱ्या मी एकेक करून चढले, उजवा पाय वर, मग हातानं डावा उचलून. वर पोचले तर समोर एक तोफ होती. भलीमोठी, आणि तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. शिंगं वळलेली, नाकपुड्या, डोळे, सगळं. मी त्या धातूवर हात ठेवला. उन्हानं तापला होता. खाली खंदक, पलीकडे तासलेला कडा, आणि लांब लांब पसरलेलं रान. मी तिथं उभी राहून दादाला शिवी दिली. मोठ्यानं. नुसते दगड म्हणे!

तो खोटं का बोलला ते मला तिथंच कळलं. मला खाली बसल्याचं दुःख होऊ नये म्हणून बारा वर्षांचा, पंधरा वर्षांचा, वीस वर्षांचा माझा भाऊ एवढं सगळं बघून यायचा आणि गिळून टाकायचा. रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. इतका राग की उतरताना एकदाही बसले नाही. चाचांनी पिशवी दिली आणि म्हणाले, "एक बंदर आया था, आपा. मैंने भगाया." घरी आल्यावर दादाला मी तोफेचं काहीच सांगितलं नाही. "पायऱ्या जमतात मला," एवढंच म्हणाले, आणि त्यानं सहलवाल्याला फोन केला.

एका लहानशा बेटाच्या धक्क्यावर ती बोट आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही बोट कुठली, ही तर कारखान्याची शेड आहे. तिनं मागचा भला मोठा दरवाजा खाली सोडला आणि त्यातून ट्रक, गाड्या आणि माणसं एकदमच आत शिरली. आत गाड्यांच्या बाजूला लोखंडी मांडण्या होत्या. मोठ्या बॅगा तिथं ठेवायच्या आणि वर जायचं. आमची वीस माणसं बॅगा ठेवून तिथंच घुटमळली. कुणाचा पाय निघेना.

"अन् सामानापाशी कोन?" कुणीतरी विचारलं.

सहलवाला म्हणाला, "कुणी नाही. बोट सुटली की हा मजला बंद करतात. इथं थांबायचंच नाही."

"असं कसं? आमच्या ह्या मॅडम बसतील की," गटातल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोन दिवसांची ओळख, पण माणसानं माझी जागा बरोबर ओळखली होती. निळ्या कपड्यातल्या खलाशानं माझ्याकडे बघितलं, जोरात मान हलवली आणि जिन्याकडे हात केला. कुणीतरी मला सामानापाशी बसायला मनाई करत होतं! त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

जिना लोखंडी होता, अरुंद होता, सहलवाला खोटं बोलला नव्हता. मी चढले. दादा माझ्या मागं दोन्ही हात पसरून येत होता आणि त्यालाच दोनदा धडपडायला झालं.

वर मोठ्या खिडक्यांची बसायची जागा होती. इथं मात्र आमच्या मंडळींनी डाव साधला. मोठ्या बॅगा खाली राहिल्या, पण धपाटे, चटण्या, औषधं, स्वेटर असलेल्या हातातल्या पिशव्या वर आल्या होत्या. त्या एकेक करत माझ्या खुर्चीभोवती जमल्या. मी मोजल्या नाहीत असं म्हणणार होते, पण मोजल्या. सात. सवय असते.

बोट सुटली आणि तासाभरात वारा उठला. मग जे झालं ते मी मेल्यावरही विसरणार नाही. सगळी बोट कलू लागली आणि तिच्यावरची सगळी माणसं माझ्यासारखी चालू लागली. एक खांदा वर, एक खाली, पुढचं पाऊल कुठं पडेल याचा भरवसा नाही, हात कशाला तरी धरायला शोधताहेत. आमच्या गटातली ती धडधाकट मंडळी खुर्च्यांना लोंबकळत होती. वहिनी चहा आणायला गेल्या आणि पोचेपर्यंत पेल्यात निम्माच उरला. मी काठी घेऊन मोरीकडे जाऊन आले, सरळ. मला यात काहीच नवीन नव्हतं. जमीन पायाखाली धड उभी राहत नाही हे मी दोन वर्षांची असल्यापासून धरूनच चालते.

दोन तास झाले. भोंगा वाजला, ध्वनिक्षेपकावर काहीतरी सांगितलं गेलं, आणि खिडकीपाशी कुणीतरी ओरडलं, "दिसायला लागलं!" सगळे एकदम उठले. धरत, आपटत, हसत डेकच्या दाराकडे निघाले. वहिनी जाता जाता म्हणाल्या, "वन्सं, तुमी बसा हं, पिशव्यांकडं बघा." दादा थांबला. मोबाईल वर करून दाखवला. "वारा लई हाय बाहेर. मी फोटो काढून आनतो तुझ्यासाठी. बसल्या जागी बघ."

आणि ते गेले.

मी बसून राहिले, हे मी लपवणार नाही. बोट नाही तर मी नाही म्हणणारी मी, इतक्या लांब, इतकं भांडून आलेली, आणि तरी बसून राहिले. माझे हात आपोआप सातही पिशव्यांचे बंद गोळा करून मांडीवर घेत होते. ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. खिडकीवर खारं पाणी वाळून पांढरं झालं होतं, पलीकडे काहीतरी पिवळसर सरकत होतं. मनात आलं, काय असणार तिथं? नुसते दगड. आणि त्याबरोबर हाताला ती तापलेली तोफ लागली, शिंगं लागली. मी मांडीवरचे बंद खाली टाकले. काठी घेतली आणि उठले.

डेकचं दार जड होतं. खांद्यानं ढकललं. वाऱ्यानं पदर तोंडावर आणला, तो काढला, आणि बघितलं.

पाण्यातून तट वर येत होता. मधाच्या रंगाचा, बुरुजांमागं बुरूज, त्यात दरवाजे. बावन्न दरवाज्यांच्या गावात जन्म काढला, पण दरवाजे असे समुद्राकडे तोंड करून उभे असलेले मी कधी बघितले नव्हते. तटाच्या वर एक किल्ल्यासारखा वाडा, घुमट, एक बारीक मिनार. पाण्यात पुढं आलेल्या बांधावर तीन पवनचक्क्या. आणि किनारा दोन्ही बाजूंनी आत वळत चाललेला, अगदी बाईंनी फळ्यावर काढला होता तसा. बोट हळू झाली. वारा पडला. पाणी बदललं, लाटा मागं राहिल्या. आपण आत आलो हे मला डोळ्यांनी कळायच्या आधी पायांना कळलं. मी मोठ्यानं म्हणाले, "बंदर!" शेजारच्या कुठल्याशा गोऱ्या बाईनं हसून मान डोलावली.

"वन्सं!" कठड्यापासून वहिनींनी मला बघितलं. चेहरा पांढराफटक. "अवं, मग सामानापाशी कोन हाय?"

"कुणी नाही."

"कुनीच नाय?"

"कुणीच नाही, वहिनी."

दादानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि धावला. मी त्याला थांबवलं नाही. मला बघायचं होतं. मी बघितलं, बोट वळायला लागेपर्यंत.

मग आत गेले. दादा माझ्या खुर्चीवर बसला होता. सातही पिशव्यांचे बंद त्यानं मांडीवर घेतले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, खिडकीच्या पांढऱ्या काचेतून काही दिसतं का म्हणून मान वाकडी करत होता. मला बघून म्हणाला, "काय दिसलं गं?"

मी समोर उभी राहिले. म्हणाले, "काय नाय रे दादा. नुसते दगड हायेत."

त्याचा हात बंदांवरच थांबला. मग हळूच म्हणाला, "दौलताबादला जाऊन आलीस तू."

"मेंढ्याचं डोकं बघितलं."

"तुला वाईट वाटू नये म्हनून म्हनायचो गं."

"माहीत आहे. त्याचाच राग आलाय. अजून गेला नाही." माझा आवाज चढला होता, दोन माणसं वळून बघत होती, बघू देत. "ऊठ. अजून पाच मिनिटं आहेत. बाहेर जा आणि डोळ्यांनी बघ. मी तुला काहीएक सांगणार नाही."

"अन् सामान?"

"राहू दे तिथंच. हे बंदर आहे, दादा. इथं बंदरं नाहीत."

तो एकदम हसला. बंद सोडले आणि उठला. बोट धक्क्याकडे वळत होती, जमीन पुन्हा कलली, आणि दादा खुर्च्या धरत, झोकांड्या खात दाराकडे चालला. मी त्याच्या मागून काठी टेकत नेहमीसारखी चालत होते. दोनदा वाटलं, हा आता पडणार. मी सावरायला धावले नाही. तो पडला नाही.